अडेनियमचे एडन कुठले?

पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर गेल्या काही वर्षांत एक झाड फार दिसू लागले आहे. बुडाशी फुगलेला राखाडी बुंधा, त्यातून निघालेल्या आखूड, वेड्यावाकड्या फांद्या आणि टोकाला गुलाबी फुलांचे घोस. नर्सरीवाले त्याला अडेनियम म्हणतात, गिऱ्हाईक इंग्रजी शिकलेले असेल तर 'डेझर्ट रोझ'. यातले दुसरे नाव दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. गुलाबाशी या झाडाचे काही नाते नाही, आणि वाळूच्या टेकड्यांत ते वाढत नाही. पण खरी गोष्ट दडली आहे ती पहिल्या नावात.

अडेनियम हे नाव एडन बंदरावरून आले, असे बागकामाची पुस्तके एका ओळीत सांगून टाकतात. मराठी वाचकाला ते लगेच पटतेही, कारण एडन त्याच्या ओळखीचे. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते घेतले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. वासुदेव बळवंत फडक्यांनी १७ फेब्रुवारी १८८३ रोजी देह ठेवला तो तिथल्याच तुरुंगात. एडन म्हटले की आपल्याला काळा खडक, रणरणते ऊन आणि समुद्र आठवतो, आणि अशा जागी असे झाड शोभूनही दिसते. अडचण एकच. ज्या माणसाने हे झाड शास्त्राच्या पुस्तकात नेले, तो एडनला कधी गेलाच नव्हता.

त्याचे नाव पेटर फोर्स्कॉल. लिनियसचा शिष्य, हुशार आणि कमालीचा हट्टी. गुरूने पुढे एका झाडाला फोर्स्कॉलचे नाव दिले, ते चिवट, चिकटून राहणारे आणि काटेरी केसांचे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात धाडलेल्या सहा जणांच्या मोहिमेत हा वनस्पतींचा जाणकार म्हणून होता. जानेवारी १७६१ मध्ये ही मंडळी कोपनहेगनहून निघाली आणि १७६२ च्या अखेरीस येमेनच्या किनाऱ्यावर लुहय्या इथे उतरली. तिथून बैत अल-फकीह, मग कॉफीच्या बागांचे डोंगर, ताइझ आणि मोखा, असा त्यांचा मार्ग. या वाटेवर एडन लागत नाही. मोहिमेतला भाषापंडित फोन हावेन मोखात वारला आणि सानाच्या रस्त्यावर यरीम नावाच्या डोंगरी गावात ११ जुलै १७६३ रोजी हिवतापाने फोर्स्कॉलही गेला. वय अवघे ३१.

उरलेल्यांनी मुंबईचे गलबत पकडले. चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बेर्ग्रेन वाटेत समुद्रावरच गेले, आणि डॉक्टर क्रामर फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईत. मागे राहिला फक्त कार्स्टेन निबूर. वर्षाहून अधिक काळ तो मुंबईत होता. घारापुरीच्या लेण्यांत जाऊन त्याने मूर्तींची चित्रे काढली, तीही मोजमापे घेऊन. ती पुढे त्याच्या प्रवासवर्णनात छापली गेली. मित्राची, फोर्स्कॉलची, टिपणेही त्यानेच छापून आणली. १७७५ मध्ये कोपनहेगनहून निघालेल्या त्या ग्रंथात आपले झाड प्रथम भेटते, पण अडेनियम म्हणून नव्हे. फोर्स्कॉलने त्याला 'नेरियम ओबेसम' म्हटले होते. नेरियम म्हणजे आपली कण्हेर. तेव्हा हे नाव झाले लठ्ठ कण्हेर.

अडेनियम हा शब्द आला तो १८१९ मध्ये. योहान याकोब रोएमर आणि योझेफ आउगुस्ट शुल्टेस या दोघांनी या झाडाला कण्हेरीच्या घरातून काढून स्वतंत्र प्रजातीचे घर दिले. यांतला रोएमर झुरिकचा, जन्म १७६३ चा. ज्या वर्षी फोर्स्कॉल येमेनच्या डोंगरात गेला, त्याच वर्षी नव्या नावाचा एक जनक जन्मला.

मग या नव्या नावात 'अडेन' कुठून आले?

एक तर्क ग्रीक भाषेकडे बोट दाखवतो. ग्रीकमध्ये 'अडेन' म्हणजे ग्रंथी, आणि वनस्पतिशास्त्रात हा शब्द जागोजागी भेटतो. आपल्या रतनगुंजेचे शास्त्रीय नाव अॅडेनँथेरा, म्हणजे परागकोशावर ग्रंथी असलेली. पण अशा नावांत ग्रंथी कुठे आहे, हे सांगणारा दुसरा शब्द सहसा जोडलेला असतो. नुसती 'ग्रंथी' म्हणून थांबावे, असे या झाडात काही दिसत नाही. हा तर्क बाजूला ठेवायला हरकत नाही.

दुसरा तर्क बंदराचा. त्याला तो न्याय द्यायला हवा, कारण एडनच्या परिसरातल्या खडकांतही हे झाड उगवते. आणि बंदराचे नाव युरोपातल्या नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी प्रश्न उरतोच: झाड ज्याने नोंदले त्याची वाट एडनहून गेली नाही, तर नाव देणाऱ्यांना नेमके तेच गाव का सुचावे?

तिसरा तर्क सगळ्यांत भरभक्कम आहे. फोर्स्कॉल अरबी शिकला होता. झाड दिसले की तिथल्या माणसांना त्याचे नाव विचारायचे आणि ते कानाला लागले तसे लॅटिन अक्षरांत उतरवायचे, ही त्याची रीत. या झाडासाठी त्याच्या कानावर पडलेला शब्द 'ओद्देन' असा काहीसा आहे. रोएमर आणि शुल्टेस टेबलाशी बसून काम करत होते, त्यांच्यापुढे होता तो हाच छापील ग्रंथ. बहुधा त्यांनी त्यातला शब्द उचलला आणि लॅटिन शेपूट लावून 'अडेनियम' केला. आजची कित्येक पुस्तके 'ओद्देन म्हणजे एडन' असे लिहून दोन्ही तर्क एकाच गाठोड्यात बांधतात. ही गाठ मात्र सैल आहे. बंदराचे अरबी नाव 'अदन', दोन ऱ्हस्व 'अ'कारांचे, आणि फोर्स्कॉलसारख्या काटेकोर कानाने अदनचे 'ओद्देन' केले असते, हे मानणे जड जाते.

आता इथे एक धाडसी जुळणी सुचते. कॉफीच्या त्याच डोंगरांत अल-उदैन नावाचे गाव आहे. निबूरच्या प्रवासवर्णनात ते 'उद्देन' म्हणून येते, आणि १७६३ च्या वसंतात निबूर आणि फोर्स्कॉल त्या मुलखातून एकत्र हिंडले होते. एकाच सहलीत दोन मित्रांनी लिहिलेले दोन शब्द, एक झाडाचा, एक गावाचा, आणि दोन्हींत तोच दुहेरी 'द्द' आणि तोच शेवट. वाटाड्याने झाड दाखवून 'हे उदैनचे' म्हटले असेल, तर ते टिपणवहीत ओद्देन म्हणूनच उतरले असते. याविरुद्ध मोठा पुरावा म्हणजे अरबीत या झाडाला 'अदना' म्हणतात, आणि तो शब्द पुन्हा बंदराजवळ जातो. पण अरबीत अदन या धातूचा अर्थच मुळी एका जागी वस्ती करून राहणे असा आहे. बंदर आणि झाड, दोघांनी आपापले नाव त्याच धातूतून घेतले असू शकते, एकमेकांकडून नव्हे. कसेही पाहिले तरी नावाचे मूळ बंदरापेक्षा डोंगरातल्या बोलीत अधिक खोल जाते, असेच वाटते.

हा वाद नुसता पंडिती नाही. झाड कुठले समजावे, यावर त्याला पाणी किती घालायचे ते ठरते. वाळवंटाचे समजून अनेक जण ते कोरड्या वाळूत ठेवतात, पंधरा दिवसांनी चमचाभर पाणी देतात आणि फुले का येत नाहीत म्हणून हैराण होतात. सेनेगलपासून सोमालिया, टांझानिया आणि अरबस्तानापर्यंत पसरलेली ही जात राहते ती खडकांच्या फटींत, खडीच्या उतारांवर, जिथे मोसमात पाऊस येतो आणि आला तसा वाहून जातो. म्हणून मार्च ते मे, ऊन तापलेले आणि पालवी फुटलेली असताना, कुंडी निचऱ्याची असेल तर अडेनियमला भरपूर पाणी आणि खत लागते. जाड वाळू, विटांचे तुकडे, कोळशाचा चुरा, थोडे कोकोपीट आणि कुजलेले शेणखत असे मिश्रण, आणि कुंडी पसरट, उथळ. थंडीत पाने गळली की पाणी आखडते घ्यायचे.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे श्रावणातली झड. मुंबई-कोकणात ते दिवस झाड छपराखाली काढावे. बुंधा अंगठ्याने दाबून पाहायचा. घट्ट लागला तर ठीक, मऊ लागला तर आत कुज शिरली आहे. मग कुंडीतून उपटून, स्वच्छ सुरीने तपकिरी भाग पांढरा, करकरीत गर लागेपर्यंत कापायचा, जखमेवर बुरशीनाशकाची पूड लावायची आणि झाड सावलीत उलटे टांगून जखम पूर्ण सुकू द्यायची. हे वेळेवर केले तर निम्मा बुंधा गेलेले झाडही पुन्हा मुळे धरते.

फोर्स्कॉलचे पहिले नाव रद्द झाले, पण त्याची नजर चुकली नव्हती. आजच्या वर्गीकरणातही अडेनियम आणि कण्हेर एकाच गटात शेजारी बसतात. फुलाच्या गळ्यातून बाहेर डोकावणाऱ्या परागकोशांच्या केसाळ शेपट्या दोघांत सारख्या. फरक बियांत दिसतो. शिंगांसारखी जोडशेंग तडकली की अडेनियमच्या बारीक नळीसारख्या बीला दोन्ही टोकांना रेशमी झुपका असतो, कण्हेरीच्या बीला एकाच टोकाला. वाऱ्यावर बी उडून जाऊ नये म्हणून शेंग पिकत आली की तिला दोरा गुंडाळून ठेवतात. विषही दोघांचे एकाच जातीचे, हृदयावर घाव घालणारे, आणि पूर्व आफ्रिकेतले शिकारी अडेनियमचा चीक आटवून बाणांना लावत. छाटणी करताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांना लागू देऊ नये.

नात्याचा आणखी एक साक्षीदार म्हणजे कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. बोटाएवढी जाड, हिरवीगार, डोक्यामागे निळसर-पांढऱ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. कण्हेर आणि तगरीवर पोसणारी ही अळी अडेनियमवरही तितक्याच आवडीने येते आणि दोन रात्रींत फांद्या बोडक्या करते. पिवळा मावाही दोघांना तोच. सगळ्यांत पक्का पुरावा कलमाचा: अडेनियमचा डोळा कण्हेरीच्या खोडावर जगतो. पूर्वी चांगल्या रंगाची झाडे वाढवण्याचा तो एक मार्गच होता. त्यात फुले मिळतात, पण बुंधा फुगत नाही, कारण खोड कण्हेरीचे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत अॅरिझोनाच्या मार्क डिमिटने संकर करून 'क्रिमसन स्टार'सारखे वाण आणले, आणि थायलंड-तैवानच्या बागाईतदारांनी दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची, जवळजवळ काळ्या रंगाची फुले काढली. आता कलम अडेनियमच्याच बीजरोपावर करतात, म्हणजे बुंधाही मिळतो आणि हवे ते फूलही.

नावांचा गोंधळ मात्र चालूच आहे. हौशी लोकांत 'थाई सोको' या झाडाला मोठी मागणी असते. सोको म्हणजे सोकोत्रा, एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेले बेट, जिथल्या कड्यांवर माणसाच्या दुप्पट उंचीची अडेनियम उभी असतात. थाई सोको तिथले नव्हे, थायलंडच्या बागांत निवडीने घडलेले आहे. सोकोत्राचे खरे झाड कुंडीत फार सावकाश वाढते आणि फुलायला वर्षानुवर्षे लावते. विकत घेताना लेबलावरच्या बेटाच्या नावापेक्षा बुंधा बीपासून वाढला आहे की फांदी लावून, हे विचारलेले बरे. फांदीपासून केलेल्या झाडाला बीजरोपासारखा डौलदार बुंधा क्वचितच येतो.