वाळवंड्याचा तारपा

जव्हार संस्थानचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी दरबारातून निघते आणि बहुधा दरबारातच विसावते. जयबा मुकण्यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी या डोंगरी मुलखात सत्ता बसविली, १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने नेमशहास राजा म्हणून मान्यता दिली आणि सहाशे वर्षांनी, १९४८ मध्ये, सुमारे ३१० चौरस मैलांचे हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात समाविष्ट झाले, हा तपशील दफ्तरांच्या आधारे सहज सांगता येतो. परंतु भाताची कापणी आटोपल्यावर पाड्यापाड्यांवर ज्यांचे तारपा हे वाद्य रात्र रात्र घुमे, त्यांची नावे सनदांत शोधून काय मिळणार? सारावसुलीच्या वहीत आलीच तर ती केवळ रयत म्हणून येतील.

या अनामिकांच्या परंपरेतले एक नाव आपल्या काळात सरकारदरबारी पोचले. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे बालवयातच बापाच्या हातचा तारपा फुंकू लागले, तेव्हा जव्हारवर अद्याप राजाचा अंमल होता. संस्थान गेले, तालुका आला, २०१४ साली जिल्हाही बदलून पालघर झाला. धिंडा यांचा व्यवसाय मात्र शेती आणि तारपा हाच राहिला.

तारपा बाजारात तयार मिळत नाही. वाजविणाराच बहुधा तो घडवितो. दुधी भोपळा वेलीवरच जून होऊ द्यावयाचा, वाळला की आतला गर व बिया काढून तो पोकळ करावयाचा, त्याच्या बुडाशी जिव्हा बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या मेणाने घट्ट चिकटवावयाच्या आणि नळ्यांच्या टोकास ताडाच्या पानांचा कर्णा गुंडाळावयाचा. मेण कोठे जरासे उकलले तरी वारा निसटतो आणि सूर बेसूर होतो. वादनात तर याहून मोठे कसब आहे. कारण गालांत कोंडलेली हवा भोपळ्यात लोटीत असतानाच नाकाने नवा श्वास घेत राहावे लागते, तेव्हाच तो नाद अखंड चालतो. धिंडा यांच्यासारख्या नव्वदीतल्या माणसाच्या छातीत हा दम असावा, याचे नवल वैद्यांनीही करावे.

तारपा नाचात वाजविणारा मध्यभागी, एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेले स्त्रीपुरुष त्याच्याभोवती, आणि त्याने चाल बदलताच सर्वांचे पाऊल बदलते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांतून नाचाचे हे वेटोळे जगभर गेले. चित्र पाहणाऱ्यांपैकी कितीजणांच्या कानी तो नाद पडला असेल, हा निराळा प्रश्न. तारप्याशेजारीच येथे भगताची घांगळी हे तंतुवाद्य आहे, त्याच्या साथीने गाइलेली कणसरी या धान्यदेवीची कथा आहे, विवाहात धवलेरीने म्हटलेली गीते आहेत. या गीतांना कर्त्याची मुद्रा नाही. गाणाऱ्याने प्रसंग पाहून चरण वाढवावेत, आणि पुढच्याने ते आपलेच समजून गावेत, असा रिवाज.

मोठ्या शहरांना या मुलखाची खरी ओळख झाली ती मात्र संगीतामुळे नव्हे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा वर्तमानपत्रांनी या पाड्यांची वाट धरली, मंत्र्यांच्या मोटारी आल्या, अहवाल झाले. ते येणे अगत्याचेच होते. परंतु त्यानंतर वावर म्हटले की उपासमार, एवढेच समीकरण आमच्या सुशिक्षित समाजात रूढ झाले, आणि त्याच डोंगरांत नांदणारी एक संपन्न कला आमच्या दृष्टीआड राहिली, हा दोष आमच्या पाहण्याचा आहे. धिंडा यांना २०२२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली; म्हणजे आयुष्यभराच्या वादनाची दखल घ्यावयास राज्ययंत्रणेस त्यांचे नव्वदीच्या आसपासचे वय यावे लागले.

सन्मान उशिरा झाला तरी तो योग्यच झाला. आता आकाशवाणीने वा एखाद्या विद्यापीठाने वाळवंड्यास माणूस धाडावा, धिंडाबाबांच्या साऱ्या चाली, कोणती कोणत्या प्रसंगी वाजवावयाची या खुलाशासकट, त्यांच्याच तोंडून टिपून घ्याव्यात, आणि भोपळा निवडण्यापासून मेण लावण्यापर्यंतची कृती पाड्यावरील दोन पोरांना त्यांच्याच हाताखाली शिकवावी. हे काम येत्या भातकापणीपूर्वी व्हावे.