माळढोक मोजणारी माणसं

पक्ष्यांच्या गणतीला हौशी माणसांना बोलावण्याची रीत रुजली ती अमेरिकेत, १९०० च्या नाताळात. तिथं नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन जास्तीत जास्त पक्षी मारायची चढाओढ चाले. पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं, मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ जण तयार झाले.

सोलापुरात कुणी असं आवाहन केलं नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बी. एस. कुलकर्णी नावाचे एक पक्षीप्रेमी नान्नजच्या माळावर जाऊ लागले. तिथल्या माळढोकांकडे त्यांनी अभ्यासकांचं लक्ष वेधलं. राजस्थान-गुजरातचा मानला जाणारा हा पक्षी सोलापूरच्या वेशीवर नांदतो, हे अनेकांना नवं होतं. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी आणि सहकारी आले. मध्य प्रदेशातलं करेरा, आंध्रातलं रोल्लापाडू आणि नान्नज इथं मुक्काम ठोकून त्यांनी वीण, खाद्य, अधिवास यांच्या शास्त्रीय नोंदी केल्या. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. गवताळ माळावर झाडं लावणं हे संरक्षण नव्हे, हेही त्यांनी बजावलं.

अभयारण्य होतं सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचं, त्यातली बहुतेक जमीन खासगी. जमिनीचे व्यवहार अडले, गावं दुखावली. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोकांची संख्याही रोडावली होती.

मोजणीची रीत मात्र पसरली. १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली, आता मोबाइलवरही नोंदी होतात. राज्याचा पक्षी सप्ताह ५ नोव्हेंबरला, सोलापूरचे निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी सुरू होतो आणि १२ तारखेला, पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिनी संपतो.

पण सप्ताहापुरता उत्साह माळढोकाच्या कामाचा नाही. संशोधन प्रकल्पाला मुदत असते. कुलकर्णी तिथलेच होते, म्हणून पुन्हा पुन्हा जाऊ शकले. एकटादुकटा पक्षी शोधायचा तर त्याच वाटेनं, ऋतुमागून ऋतू फिरणारी माणसं लागतात, आणि ‘आज दिसला नाही’ हेही प्रामाणिकपणे लिहावं लागतं. अशी माणसं शहरातल्या दुर्बीणवाल्यांत शोधण्याआधी नान्नजच्या मेंढपाळांत आणि शेतकऱ्यांत शोधावीत. माळ रोज तुडवतात ते तेच, आणि अभयारण्याची झळ सोसली तीही त्यांनीच. मोजणीत त्यांना मानाची जागा आणि कामाचा मोबदला मिळाला, तर दुखावलेली गावंही पक्ष्याच्या बाजूनं उभी राहू शकतील.