पांढऱ्यावर पांढरं : एका खुणेचा इतिहास

मागच्या वेळी आपण न्यायशास्त्रातल्या धूर-अग्नीच्या उदाहरणापाशी थांबलो होतो. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, कारण त्याला सरपण ओलं असावं लागतं. अशा दडलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आज हीच अडचण आपण एका वैद्यकीय खुणेच्या इतिहासात पाहू. ती खूण म्हणजे मॅमोग्रामवर दिसणारी स्तनांची घनता.

घनता म्हणजे काय? मॅमोग्राममध्ये चरबी काळसर दिसते, तर ग्रंथी आणि तंतुमय भाग पांढरे दिसतात. पांढरं जितकं जास्त, तितका स्तन 'घन'. हाताला जाणवणाऱ्या टणकपणाशी याचा संबंध नाही, बरं का. घनता फक्त चित्रात कळते. पण कर्करोगाची गाठही बहुधा पांढरीच दिसते. म्हणजे धुक्यात बगळा शोधण्यातला प्रकार!

१९७६ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या जॉन वुल्फ या क्ष-किरणतज्ज्ञाने एक वेगळाच प्रश्न विचारला. या चित्रांत आज रोग आहे का, एवढंच सगळे पाहत होते. वुल्फ म्हणाले, रोग नसलेल्या चित्रावरून पुढचा धोका सांगता येईल का? त्यांनी चित्रांचे चार गट पाडले : एन-१, पी-१, पी-२ आणि डी-वाय. पहिला जवळजवळ सगळा चरबीचा, शेवटचा सर्वांत घन. धोका याच क्रमाने वाढतो, असा त्यांचा दावा होता.

आक्षेप लगेच आला, आणि तो चांगला होता. रॉबर्ट ईगन हे मॅमोग्राफीतलं मोठं नाव. ते आणि त्यांचे सहकारी म्हणाले, घन स्तनात गाठ आधीपासूनच असते, फक्त पांढऱ्यात झाकली जाते. ती पुढे उघड झाली की आपल्याला वाटतं, नवा रोग झाला. आपल्या भाषेत, त्यांनी वुल्फच्या अनुमानातली उपाधी दाखवली.

याचा निवाडा कसा करायचा? काळानेच. फरक केवळ झाकलेल्या गाठींमुळे असेल, तर त्या वर्षा-दोन वर्षांत बाहेर येतील आणि मग फरक ओसरेल. टोरोंटोच्या नॉर्मन बॉइड यांनी याच प्रश्नाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नजरेने गट पाडण्याऐवजी त्यांनी पांढऱ्या भागाची टक्केवारी मोजली. २००७ साली त्यांच्या गटाने रुग्ण आणि निरोगी अशा स्त्रियांच्या १,११२ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १० टक्क्यांहून कमी घनता असलेल्यांच्या तुलनेत ७५ टक्के किंवा जास्त घनता असलेल्यांमध्ये कर्करोगाची शक्यता ४.७ पट होती. हा वाढीव धोका निदान आठ वर्षं टिकला. म्हणजे वुल्फ बरोबर होते. पण 'निर्दोष' ठरलेल्या तपासणीनंतर बारा महिन्यांच्या आत सापडलेले कर्करोग वेगळे काढले, तर तोच आकडा १७.८ झाला. म्हणजे ईगनही बरोबर होते! एकच पांढरेपणा पुढचं सांगतो आणि समोरचं झाकतो.

इथे एक सावधगिरी हवी. घनता हा रोग नाही. चाळिशीनंतरच्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे स्तन घन असतात. अतिशय घन असणाऱ्या साधारण दहांत एक. जुळ्या बहिणींच्या अभ्यासातून दिसलं, की घनतेतला बराच फरक आनुवंशिक असतो. तेव्हा यात कुणाची चूक शोधायला जाऊ नये.

आता शेवटचा प्रश्न, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो : हे ज्ञान कुणाचं? अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात नॅन्सी कॅपेलो नावाच्या शिक्षणक्षेत्रातल्या बाई होत्या. दरवर्षी तपासणी करायच्या, दरवर्षी 'सर्व ठीक'. अशाच एका निर्वाळ्यानंतर काही आठवड्यांत त्यांना पुढच्या टप्प्यातला कर्करोग निघाला. त्यांचे स्तन घन आहेत हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या लढल्या. २००९ साली कनेटिकटने हे स्त्रीला कळवणं कायद्याने बंधनकारक केलं. अमेरिकाभर तसा नियम लागू झाला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. कॅपेलो २०१८ सालीच गेल्या होत्या.

वुल्फ ते हा नियम, अठ्ठेचाळीस वर्षं. त्यातली पहिली तीसेक वर्षं शंका फेडण्यात गेली, असं म्हणू. ती शास्त्राची रीतच आहे. उरलेल्या वर्षांचं काय? 'स्त्रिया उगाच घाबरतील' हे उत्तर तेव्हा अनेकदा दिलं गेलं. दुसऱ्याच्या भीतीची काळजी घेताना आपण त्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क काढून घेतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

आपल्याकडच्या अहवालांतही घनतेचा उल्लेख बहुधा ए, बी, सी, डी या अक्षरांनी असतो. आमच्या घरी असा अहवाल आला, तेव्हा आम्ही शेवटची 'काळजीचं कारण नाही' एवढी ओळ वाचून तो कपाटात ठेवला होता. या व्याख्यानाच्या तयारीत तो पुन्हा काढला. अक्षर 'सी' होतं. मग डॉक्टरांकडे जाऊन विचारलं : यापुढे सोनोग्राफीही करायची का? प्रश्न साधाच होता. पण तो विचारायला आधी ते अक्षर वाचावं लागतं. आपणही घरी गेल्यावर एकदा वाचून पाहा.