लंडनमध्ये कोणती संग्रहालये पाहावीत? आधी तीन प्रश्न विचारा!

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात पाच वर्षे बसलेला एक मुलगा यंदा शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेला. त्याच्या घराण्यात विमानात बसणारा तो पहिलाच. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, लंडनमध्ये दोन दिवस मोकळे मिळणार आहेत. संग्रहालये शंभराच्या वर आहेत. कोणती पाहू?" त्याच्याजवळ एक यादी आधीच होती, बरोबरच्या मित्रांनी दिलेली. त्यात मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, टॉवर ऑफ लंडनमधला कोहिनूर आणि ब्रिटिश म्युझियममधल्या इजिप्तच्या ममी होत्या. त्या यादीत आमच्या इतिहासाशी थेट बोलणारे एकही दालन नव्हते.

हा प्रश्न वरवर सहलीचा वाटतो, पण तो तसा नाही. संग्रहालय म्हणजे भिंतीवर मांडलेला इतिहासच असतो. पुस्तक हाती घेताना आपण लेखक कोण, प्रकाशक कोण हे पाहतो. मग संग्रहालयात शिरताना डोळे मिटून का शिरायचे? म्हणून आम्ही त्याला सांगितले की यादी नंतर देतो, आधी तीन प्रश्न लिहून घे. ही वस्तू कोणाच्या हातांनी घडवली? ती कोणत्या वाटेने इथे आली? आणि पाटीवर नाव कोणाचे आहे? ज्या संग्रहालयात या तीन प्रश्नांची उत्तरे सापडतील किंवा निदान ती शोधायला भाग पडेल, ते संग्रहालय पाहावे. बाकीची राहिली तरी काही बिघडत नाही.

सुरुवात सगळ्यात मोठ्या नावापासूनच करू. ब्रिटिश म्युझियम १७५३ च्या कायद्याने स्थापन झाले आणि १७५९ मध्ये लोकांसाठी उघडले. त्याचा पाया हॅन्स स्लोन नावाच्या डॉक्टरच्या संग्रहावर घातला गेला. हा संग्रह जमवायला पैसा कुठून आला? स्लोनची पत्नी जमैकातील एका मळेवाल्याची विधवा होती आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम माणसे राबत होती. त्या घामाचा वाटा स्लोनच्या घरात येत होता. ही गोष्ट लपलेली नाही. २०२० मध्ये खुद्द संग्रहालयाने स्लोनचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून काढून काचेच्या कपाटात ठेवला आणि शेजारी गुलामगिरीशी असलेले त्याचे नाते लिहिले. एवढे लिहायला अडीचशेहून जास्त वर्षे लागली, हेही लक्षात ठेवा.

या संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. सगळे पाहायला आठवडाही पुरणार नाही, म्हणून आम्ही त्या मुलाला एकच दालन सांगितले. खोली क्रमांक ३३ अ. तिथे आंध्रातील कृष्णेकाठच्या अमरावती महाचैत्याचे शंभराहून अधिक शिल्पखंड आहेत. तथागतांच्या आयुष्यातील प्रसंग, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पूर्णघट, वंदना करणारे स्त्री-पुरुष, सगळे फिकट चुनखडीच्या दगडात कोरलेले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम पाहिले की तिथला समाज डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता आपला पहिला प्रश्न. हे कोणी उभे केले? इथे राजाचे नाव शोधत बसू नका. अमरावतीच्या शिलालेखांत दानकर्त्यांची नावे आहेत. भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, गृहिणी आहेत. आणि त्यांत विधिक नावाचा एक चम्मकार आहे! चम्मकार म्हणजे चामड्याचे काम करणारा. तो उपाध्याय नागाचा मुलगा. आई, पत्नी, भाऊ, मुलगा, मुली आणि नातेवाईक यांच्यासह त्याने पूर्णघट कोरलेली शिळा दान दिली. मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. चामड्याचे काम करणाऱ्याचा बाप उपाध्याय आहे, आणि त्याचे नाव महाचैत्याच्या दगडावर कोरले गेले आहे. पुढे याच देशात चामड्याला हात लावणाऱ्याला देवळाच्या पायरीला हात लावू दिला नाही. मधल्या काळात काय घडले? क्रांती आणि प्रतिक्रांती हा विषय बाबासाहेबांनी हाती का घेतला, ते या एका शिळेवरून समजते.

दुसरा प्रश्न वाटेचा. इथे आपल्याला दोन्ही बाजूंची सोयीची उत्तरे नाकारावी लागतात. एक उत्तर साहेबाचे: आम्ही नेले म्हणून वाचले. दुसरे आपल्याकडच्या राष्ट्रवाद्यांचे: इंग्रजांनी लुटले. घडले काय ते पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू याने अमरावतीला नवे ठाणे वसवायला घेतले. बांधकामाला दगड हवे होते, म्हणून त्याच्या माणसांनी चैत्याचा टेकाड फोडला. कोरीव शिळा घरांत, देवळांत, पायऱ्यांना लागल्या. काही भाजून त्यांचा चुना केला गेला. कॉलिन मॅकेन्झी हा कंपनीचा अधिकारी त्याच सुमारास तिथे येऊन गेला. १८१६ मध्ये तो परत आला तेव्हा टेकाडाच्या मध्यभागी तळ्यासाठी खोदलेला खड्डा होता. म्हणजे पहिला घाव परक्याने घातलेला नाही. हे आपले आहे, ही आठवणच ज्या समाजातून पुसून टाकली गेली होती, त्या समाजाने तो घातला.

मग साहेबाने जपले का? १८४५ मध्ये वॉल्टर इलियटने तिथे खोदकाम करून शिळा मद्रासला हलवल्या. तिथे त्या वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिल्या. १८५९ मध्ये त्यांतल्या अनेक शिळा लंडनला रवाना झाल्या. लंडनमध्येही त्यांचे कोणी स्वागत केले नाही. जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाला १८६७ मध्ये त्या सापडल्या त्या फाइफ हाउसच्या घोडागाड्यांच्या कोठारात! ब्रिटिश म्युझियमकडे त्या आल्या १८८० मध्ये, आणि आजचे काचबंद दालन उघडले १९९२ मध्ये. "आम्ही जपले" म्हणणाऱ्यांना ही तारीखवार जंत्री दाखवावी.

आणि तिसरा प्रश्न, नावाचा. या शिळा इंग्रजांच्या जगात बराच काळ ओळखल्या गेल्या त्या 'इलियट मार्बल्स' म्हणून. खोदणारा साहेब नावाने उरला. दान देणारा विधिक मात्र फक्त शिलालेखांच्या सूचीत राहिला.

इथे एक बोचरी गोष्ट बोलायलाच हवी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. केवढा गाजावाजा झाला ते आपण पाहिले. साताऱ्याचा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयाकडे गेली. पण अफझलखानाच्या भेटीतली वाघनखे हीच का, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते. छत्रपती शिवाजी महाराज आम्हालाही आदरणीय आहेत, त्यात वाद नाही. कोहिनूरचेही तसेच. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंग महाराजाकडून तो तहाच्या नावाखाली काढून घेतला गेला. तो अन्यायच होता. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. शस्त्रासाठी आणि रत्नासाठी जो आवाज उठतो, तो धम्माच्या दगडांसाठी का उठत नाही? अमरावतीसाठी अशी मिरवणूक निघालेली आम्ही तरी पाहिली नाही. काय परत मागायचे हे ठरवणारेच वारसा कशाला म्हणायचे हे ठरवतात. आपण मागायला शिकलो नाही तर आपला वारसा त्या यादीत येणार नाही. ब्रिटिश म्युझियम १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवते आणि संग्रहातली वस्तू कायमची देता येत नाही असे म्हणते. पण ग्रीस आपल्या पार्थेनॉनच्या शिल्पांसाठी आणि नायजेरिया १८९७ च्या स्वारीत लुटलेल्या बेनिनच्या कलाकृतींसाठी मागणी थांबवत नाही. कायदा माणसेच करतात आणि बदलतातही.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जायचेच असेल तर अजिंठ्यासाठी जा. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या, उरलेल्या या संग्रहालयाकडे आहेत. बऱ्याचशा भांडारात असतात, म्हणून आधी सूचीत पाहून विचारणा करावी. लेण्यात बसून रंग भरणारी पोरे आपल्या मुंबईची, आणि ओळख 'ग्रिफिथ्सच्या नकला'. तिसरा प्रश्न इथेही लागू पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेम्सकाठी लंडन म्युझियम डॉकलँड्स पाहावे. हेही मोफत. ही इमारतच साक्षीदार आहे. वेस्ट इंडिया गोदीचे १८०२ चे हे कोठार, कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली साखर इथे उतरायची. २००७ पासून इथे लंडन, साखर आणि गुलामगिरी यांचे कायमचे दालन आहे. इमारतीसमोर रॉबर्ट मिलिगन या गुलाममालकाचा पुतळा होता, तो जून २०२० मध्ये काढला गेला. इथे उभे राहून एक आकडा आठवा. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना! राबलेल्यांना छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग फिटला २०१५ मध्ये. आणि गुलाम सुटल्यावर मळ्यांत कोण आले? १८३४ पासून मॉरिशसला आपल्याकडचे करारबद्ध मजूर गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. म्हणून हे दालन परक्यांच्या दुःखाचे नाही. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून लिहिले, आणि १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र पाठवले. त्या पत्राची वाट कळायला हे कोठार पाहावे लागते.

शेवटचा मुक्काम १०, किंग हेन्रीज रोड. या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धवट सोडावे लागलेले शिक्षण पुरे करायला ते १९२० मध्ये परत आले होते. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज एवढ्या बळावर. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर घेतले. पण संग्रहालयाचा वापर मान्य करायला तिथल्या कौन्सिलने २०१८ मध्ये नकार दिला, शेजाऱ्यांचेही आक्षेप होते. अखेर अपील झाले आणि मार्च २०२० मध्ये मंजुरी मिळाली. शेकडो संग्रहालयांच्या शहरात बाबासाहेबांच्या एका घरालाही जागेसाठी भांडावे लागले! जाण्यापूर्वी उघडण्याची वेळ तेवढी तपासून घ्यावी.

आणि एक गोष्ट त्या मुलाला आम्ही मुद्दाम सांगितली. बाबासाहेब ब्रिटिश म्युझियममध्ये रोज जात, ते ममी पाहायला नव्हे. तेव्हा तिथेच ग्रंथालय होते आणि ते त्या वाचनालयात दिवसभर बसत. १९२३ च्या त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधामागे, रुपयाच्या प्रश्नामागे, ही बैठक आहे. साम्राज्याने जमवलेले कागद वाचून त्याच साम्राज्याच्या चलननीतीची त्यांनी चिरफाड केली. ते ग्रंथालय आता सेंट पँक्रास इथे ब्रिटिश लायब्ररीत आहे, इंडिया ऑफिसची दप्तरेही तिथेच आहेत. वाचकपत्र मोफत मिळते. दोन दिवसांतला अर्धा दिवस ते काढण्यात गेला तरी चालेल, कारण तो पुढची अनेक वर्षे कामाला येईल.

तर यादी अशी झाली: पहिल्या दिवशी अमरावतीचे दालन आणि सेंट पँक्रास, दुसऱ्या दिवशी डॉकलँड्स आणि बाबासाहेबांचे घर. वेळ उरला तर अजिंठा. कोहिनूर आणि मेणाचे पुतळे वगळले, तिकिटाचे पैसेही वाचले. त्याला एक काम मात्र दिले आहे. प्रत्येक दालनात स्वतःचा फोटो काढण्याआधी पाटीचा फोटो काढायचा, आणि गावी आल्यावर त्या पाट्या अभ्यासवर्गात वाचायच्या.

लंडनला जाणे सगळ्यांना जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. अमरावतीच्या शिळांचा मोठा साठा चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात आहे. कान्हेरी, कार्ले, जुन्नर, नाशिक ही लेणी तर आपल्या एस.टी.च्या वाटेवर आहेत. तिथल्या भिंतींवरही दानकर्त्यांची नावे आहेत. पुढच्या सुट्टीत कुठेही जा, पण ते तीन प्रश्न बरोबर न्या. पाटीवर विधिकाचे नाव नसेल तर ते का नाही, हे विचारणारा कोणीतरी त्या पाटीसमोर उभा राहिला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!