बर्गवेर्कची चार माणसं

जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला माझा पहिला ट्रॅक डे झाला. भाड्याची पोर्शे, शेजारी प्रशिक्षक. १९२७ साली सुरू झालेला नॉर्डश्लाइफे आयफेलच्या जंगलातून जातो, जवळपास २१ किलोमीटर. बर्गवेर्कच्या वळणाअलीकडे माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. १ ऑगस्ट १९७६ ला इथंच निकी लाउडाची फेरारी पेटली होती. एवढ्या लांबलचक ट्रॅकवर मदत लगेच पोचणार कशी? त्याला बाहेर काढलं ते मेर्झारिओ, एडवर्ड्स, लुंगर आणि एर्टल या मागून आलेल्या ड्रायव्हर्सनीच. लुंगरची गाडी तर त्याच्यावरच आदळली होती!

फॉर्म्युला वन नॉर्डश्लाइफेवर पुन्हा आली नाही. लाउडा मात्र सहा आठवड्यांत मोंझाला शर्यतीत उतरला.

माझा वेग विचारू नका. मी एकच प्रश्न घेऊन परतलो: त्या चौघांच्या जागी मी आगीत शिरलो असतो का?