भार कुठे पडतो? : स्नोमोबाइलच्या सस्पेन्शनविषयी प्रस्तावना

बहुतेक मराठी वाचकांची स्नोमोबाइलशी ओळख होते ती गुलमर्गला. चालकाच्या मागे बसून उतार चढायचा, हाडे खिळखिळी करून घेत खाली यायचे आणि बर्फावरची गाडी अशीच आदळायची, असे ठरवून घरी परतायचे. या समजुतीने त्या वाहनावर थोडा अन्यायच होतो. उत्तर अमेरिकेच्या हिमपट्ट्यात, म्हणजे क्विबेक, ओंटारिओ, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि अलास्का या प्रदेशांत, माणसे याच वाहनावर दिवसभराची मजल मारतात. एकट्या क्विबेक प्रांतात स्नोमोबाइलसाठी राखलेल्या मार्गांची लांबी तीस हजार किलोमीटरहून अधिक आहे. त्या मार्गांवर एकाच मॉडेलची दोन मशीन शेजारी धावतात. संध्याकाळी एकाचा चालक गप्पा मारत उतरतो आणि दुसऱ्याला मनगटे चोळत बसावे लागते. हा फरक बहुधा मशीनचा नसतो, जुळवणीचा असतो. तिकडे स्थायिक झालेल्या आणि पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात असे मशीन विकत घेणाऱ्या मराठी वाचकांना हा विषय उपयोगी पडेलच. पण वाहनांच्या यंत्रशास्त्रात रस असणाऱ्या कुणालाही तो मोह घालील, असा मला विश्वास आहे.

थोडा इतिहास आधी पाहू, कारण आजच्या प्रत्येक स्क्रूमागे तो उभा आहे. क्विबेकमधल्या व्हॅलकूर गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचा लहानगा मुलगा 1934च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला दवाखान्यात नेता आले नव्हते. बर्फावरून चालणाऱ्या गाडीवर बोंबार्दिएचे प्रयोग आधीपासून चालूच होते. 1937 साली त्याला दातेरी चाक आणि त्याने फिरणारा रबरी ट्रॅक यांच्या रचनेचे पेटंट मिळाले. त्याची पहिली वाहने अनेक माणसांना वाहून नेणारी होती. एकदोघांनी बसायची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली ती 1959 साली. दरम्यान मिनेसोटातल्या रोझो गावात हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन यांनी 1956च्या सुमारास आपले यंत्र उभे केले होते. त्यांची कंपनी म्हणजेच ‘पोलारिस’.

त्या काळच्या मशीनमध्ये आरामाचा विचार जेमतेम होता. पुढच्या स्कींना ट्रकसारखे कमानपाटे आणि ट्रॅकच्या आत बोगी चाकांच्या जोड्या, एवढाच सरंजाम. साठच्या दशकाच्या अखेरीपासून बोगी चाकांची जागा लांब सरकत्या रेलनी घेतली. या रेलच्या तळाशी प्लास्टिकची पट्टी असते, ट्रॅक तिच्यावरून घसरत फिरतो आणि उडणारा बर्फच तिचे वंगण होतो. ऐंशीच्या दशकात पोलारिसच्या ‘इंडी’ मालिकेने दोन्ही स्कींना स्वतंत्र सस्पेन्शन देण्याची रीत रुळवली. मग 2003च्या मॉडेलमध्ये स्की-डूने ‘रेव्ह’ ही बांधणी आणली आणि चालकालाच उचलून पुढे, मशीनच्या गुरुत्वमध्याजवळ बसवले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी सुधारणा हीच, कारण तिने स्प्रिंगला हात लावण्याआधी भाराची जागा बदलली.

या विषयात शिरताना वाचकांनी हाच धागा हाती धरावा. सस्पेन्शन म्हटले की आपण मऊ आणि कडक या दोनच शब्दांत विचार करतो; मऊ म्हणजे सुख आणि कडक म्हणजे ताबा, असे गणित मांडतो. स्नोमोबाइल या गणितात बसत नाही. तिला जमिनीचा आधार तीन ठिकाणी असतो: पुढे दोन स्की, मागे एक लांब ट्रॅक. स्कीवर भार कमी पडला तर वळणावर मशीन सरळच जाऊ पाहते. जास्त पडला तर हँडल जड होते, खांदे भरून येतात आणि ट्रॅकची पकड जाते. जुना गाडीवान पोती मागेपुढे सरकवून गाडी उलाळ होणार नाही आणि जूही बैलांच्या मानेवर जड बसणार नाही, असा बेत साधायचा. इथे तेच काम स्प्रिंग आणि पट्टे करतात. आराम आणि ताबा या दोन वेगळ्या मागण्या नसून भाराच्या एकाच वाटणीची ती दोन फळे आहेत, हे एकदा पटले की पुढचे बरेच सोपे जाते.

ट्रॅकच्या आतल्या सांगाड्याला पुढचा आणि मागचा असे दोन हात असतात. पुढच्या हाताजवळ मधला शॉक, मागच्या हाताजवळ मागचा शॉक. आणि मार्गावर चालणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये मागे टॉर्शन (पिळाने काम करणाऱ्या) स्प्रिंगची जोडी. कारखान्यात हे सारे एका सरासरी वजनाच्या चालकासाठी लावलेले असते. तुम्ही पंचावन्न किलोचे असा की एकशे दहा किलोचे, मशीनला त्याची वार्ता नसते.

म्हणून सुरुवात मागच्या स्प्रिंगपासून करावी, आणि हातात पान्याच्या आधी मोजपट्टी घ्यावी. इंजिन बंद करा, किल्ली काढून ठेवा. मागचा बंपर सस्पेन्शन पूर्ण ताणले जाईपर्यंत वर उचला आणि बंपरपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. मग हेल्मेट, बूट, जाडजूड कोट असा पूर्ण पोशाख करून आसनावर बसा, एकदोनदा दाबून मशीनला आपल्या जागी बसू द्या आणि सोबत्याला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. या दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. मार्गावर चालणाऱ्या अनेक मशीनमध्ये तो तीन-चार इंचांच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला प्रमाण मानावा. सॅग फार असला तर मशीन मोठ्या उंचवट्यावर तळ गाठते. फार कमी असला तर मागची बाजू उंच राहून भार स्कीवर ढकलते, आणि चालक ‘स्टिअरिंग जड आहे’ म्हणून पुढच्या भागात दोष शोधत बसतो. अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला नवे महागडे शॉक विकणे दुकानदाराला सोपे असते. पाच मिनिटांची ही मोजणी त्याआधी व्हायला हवी.

मागची बाजू बसली की पुढे वळावे. स्कीच्या स्प्रिंगवर दाब वाढवला की स्की बर्फात जास्त रुततात आणि कमी केला की हलक्या होतात, हे कुणालाही सुचेल. सहज न सुचणारी गोष्ट मधल्या शॉकची आहे. त्याची स्प्रिंग घट्ट केली तर ट्रॅकचा पुढचा भाग जमिनीला अधिक रेटतो, मशीनचे नाक उचलले जाते आणि स्की हलक्या पडतात. त्याच्या जोडीला लिमिटर पट्टा असतो. ट्रॅकचा पुढचा भाग किती खाली येऊ द्यायचा, हे तो ठरवतो. पट्टा आखूड केला तर वेग घेताना स्की जमिनीवर टिकतात. लांब केला तर भार भराभर मागे सरकतो आणि नाक वर येते. वळणावर मशीन सरळ जात असेल तर नवशिका स्कीच्या स्प्रिंग आवळतो, पण पुष्कळदा उपाय या मधल्या जागी सापडतो. मात्र पट्टा बदलल्यावर ट्रॅकचा ताण तपासायला विसरू नये; एकाबरोबर दुसराही थोडा बदलतो.

डॅम्पिंगचे, म्हणजे शॉकच्या हालचालीचा वेग आवरणारे, क्लिकर शेवटी. त्यांचे आकर्षण मोठे असते, कारण ते बोटांनी फिरतात आणि टक टक वाजतात. परंतु स्प्रिंग चुकीची बसली असेल तर क्लिकरने दोष फक्त झाकला जातो. इतके ध्यानात असू द्या: रीबाउंड (दबलेला शॉक परत ताणला जाण्याचा वेग) फार मंद ठेवला तर लागोपाठच्या उंचवट्यांवर शॉकला परत ताणायला वेळ मिळत नाही, सस्पेन्शन हळूहळू आक्रसत जाते आणि स्प्रिंग मऊ असूनही प्रवास दगडासारखा वाटतो. ते उंचवटे स्नोमोबाइलनीच घडवलेले असतात. रात्री यंत्राने सपाट केलेला मार्ग पहाटेच्या थंडीत घट्ट बसतो आणि शेकडो ट्रॅक त्याच्यावरून गेल्यावर दुपारपर्यंत लाटांसारखा होतो. त्यामुळे सकाळी नऊला केलेली चाचणी आणि दुपारी तीनची चाचणी यांची तुलना करू नये.

खोल, भुसभुशीत बर्फात हिंडणाऱ्यांसाठी यातले काही उलटे होते. रॉकी पर्वतातला चालक नाक वर ठेवू पाहतो, लिमिटर पट्टा सैल करतो आणि लांब ट्रॅक पसंत करतो. मार्गावर 129 किंवा 137 इंचांचा ट्रॅक पुरतो, डोंगरात 154 आणि 165 इंचांचेही नित्याचे आहेत. डोंगरातल्या मित्राचे आकडे मार्गावरच्या मशीनला लावले की निराशा ठरलेली. नियतकालिकांत छापल्या जाणाऱ्या ‘उत्तम सेटिंग’च्या तक्त्यांवर माझा फारसा भरवसा नाही, तो याचमुळे.

वाचकांनी एक छोटी वही मशीनच्या डिकीत ठेवावी. पहिल्या पानावर कारखान्याने दिलेले सर्व आकडे उतरवावेत, म्हणजे वाट चुकली तरी परतायला जागा राहील. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा, मार्गाच्या त्याच तुकड्यावरून पुन्हा जावे, आणि तारीख, तापमान, बर्फ कोरडा होता की ओला, एवढे नोंदवावे. नव्या मशीनच्या स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर थोड्या बसतात. तेव्हा सॅग पुन्हा मोजावा आणि मगच वहीतल्या पुढच्या ओळीकडे वळावे.