कॅमेरा गळ्यात, ऊन माथ्यावर : टोपी कशी निवडावी?

साताऱ्याहून मेढा, केळघर घाटमार्गे महाबळेश्वरकडे जाणारे हौशी छायाचित्रकार लेन्सची निवड चोखंदळपणे करतात. टोपी मात्र वाटेतल्या दुकानातून, दिसायला बरी म्हणून उचलली जाते. जावळीतील उघड्या माळांवर आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावर झाडांची सावली विरळच. तेथे रानफुलांसाठी तासभर ओणवे बसणाऱ्याच्या मानेवर ऊन थेट पडते. म्हणूनच टोपीकडे शोभेची वस्तू म्हणून न पाहता प्रवासातील आवश्यक साधन म्हणून पाहावयास हवे.

कड किती असावी?
क्रिकेटच्या टोपीने केवळ कपाळ व नाकावर सावली पडते. कान आणि मान उघडीच राहतात. गांधी टोपीला तर कडच नसते. फेट्याचा पाठीवर रुळणारा शेमला मानेला आडोसा देतो, हे मात्र लक्षात घेण्याजोगे. आजच्या टोपीला चोहोबाजूंनी किमान साडेसात सेंटिमीटर कड असावी.

कापड कसे पारखावे?
टोपी उजेडासमोर धरावी. विणीतून प्रकाश डोकावत असेल, तर अतिनील किरणेही आत येणार. सच्छिद्र गवती हॅट हवेशीर असली, तरी या कसोटीवर कमी पडते. ‘यूपीएफ ५०’ अशी नोंद असलेले कापड या किरणांचा सुमारे पन्नासावा भागच आत येऊ देते. कडेची खालची बाजू गडद असल्यास बामणोलीच्या जलाशयावरून परावर्तित होणारी तिरीप डोळ्यांना कमी जाणवते.

कॅमेऱ्याशी जमते का?
ताठ कड कॅमेऱ्याच्या वरच्या भागाला अडते आणि डोळा व्ह्यूफाइंडरला टेकत नाही. पुढची कड सहज वर दुमडता येईल अशी मऊ टोपी घ्यावी. शक्य असल्यास कॅमेरा सोबत नेऊन, तो आडवा व उभा धरून दुकानातच खात्री करावी.

माप आणि दोरी
कपाळावरून व कानांच्या किंचित वरून डोक्याचा घेर टेपने मोजावा. टोपी आवळणारी नको, सैलही नको. पठारावरील वाऱ्यासाठी हनुवटीखाली बांधावयाची दोरी हवीच. कड्यालगत उडालेल्या टोपीमागे धावणे जिवावर बेतू शकते.

आभाळ पाहून फसू नये
पातळ ढगांतून अतिनील किरणे बऱ्याच प्रमाणात खाली येतात आणि दर हजार मीटर उंचीला त्यांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. कास सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे गार वारा सुटला, म्हणून टोपी पिशवीत ठेवू नये. अर्थात, टोपीने उष्माघात पूर्णपणे टळत नाही. भरपूर पाणी प्यावे, भर दुपारी विश्रांती घ्यावी आणि चक्कर किंवा मळमळ जाणवताच छायाचित्रण थांबवून सावली गाठावी.